कड्याला शक्ती दोन की तीन

९ नोव्हेंबर, रविवार

खंडू मेला. अभ्या फासे टेबलावर तसेच टाकून निघून गेला. चपला पायात नीट न घालताच उतरला असणार, जिन्यात फटाफट आवाज आला. नेहा म्हणाली, "सुजाताताई, मीपण निघते, बस आहे," आणि माझ्याकडे न बघता गेली. बाबा नियमपुस्तक घेऊन गॅलरीत बसलेत.

खेळ आहे हा. खेळ! दोन वर्षं दर रविवारी अडीच ते साडेपाच आमच्याच हॉलमध्ये चाललेला.

डोकं थंड व्हावं म्हणून कंपनीत रिजेक्शनचा रिपोर्ट लिहिते तसं लिहून काढते.

मी गोष्ट चालवते. समोर काय आहे ते सांगायचं आणि कुठला नियम लागतो ते ठरवायचं, हे माझं काम. अभ्या मला मास्तरीण म्हणतो. बाकी तिघे आपापलं पात्र होऊन गोष्टीत वागतात, जमलं की नाही ते फासे सांगतात. अभ्या माझा चुलतभाऊ, वडणग्याहून येतो, त्याचा खंडू भालाईत. नेहा इचलकरंजीची, आधी आमच्याच कंपनीत होती, आता घरचे माग बघते. तिची चिमणी, वाटाडी. आणि बाबा. तहसील कार्यालयातून निवृत्त, अव्वल कारकून, पन्हाळा. त्यांचा त्र्यंबक, मांत्रिक. सुरुवातीलाच एक जण बंगलोरला गेला, त्याच्या जागी "एक दिवस बसा हो" म्हणून बसवलं. तेव्हापासून उठलेच नाहीत.

घटना. दलदलीत मगर खंडूवर झेपावली. त्र्यंबकच्या हातात लोखंडी कडं. ते फिरवलं की शेजारच्या सोबत्यावरचा एक वार परतवता येतो. बाबांकडे शक्ती शिल्लक दोन. (शक्ती म्हणजे कागदावरची वर्तुळं. जादू केली की खोडायची.)

नि.पु. पान ४१: जादूची कुठलीही वस्तू चालवायला एक चाल आणि एक शक्ती लागते.
नि.पु. पान ११८, कडं: खर्च दोन शक्ती.

बाबा म्हणाले दोन. मी म्हणाले तीन. सगळ्याच वस्तूंना लागते ती एक, वर कड्याच्या दोन. तिसरी शक्ती त्यांच्याकडे नव्हती. मगरीने खंडूला ओढून नेलं.

इतकंच. नियमाप्रमाणे झालं. जेवताना जे झालं त्याचा याच्याशी काही संबंध नाही.


१० नोव्हेंबर, सोमवार

डब्याखाली कागद. फुलस्केप, डावीकडे समास पाडलेला, निळी शाई.

"विषय: जादूच्या वस्तूच्या खर्चाबाबत फेरविचार होणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये विनंती की..."

महोदया!

सारांश: पान ४१ ही सर्वसाधारण तरतूद, पान ११८ ही विशेष तरतूद. विशेष तरतूद असताना सर्वसाधारण तरतूद लागू होत नाही. सबब काल दिनांक अमुक रोजी घेण्यात आलेला निर्णय रद्द व्हावा. आपला विश्वासू. खाली पूर्ण सही, रेघेसकट. प्रत माहितीसाठी: चि. अभिजित, कु. नेहा.

एका घरात राहतो आम्ही. मध्ये एक भिंत, तिलाही दार आहे. आणि हा माणूस मला अर्ज करतो.

कंपनीची बस चुकता चुकता राहिली. कागलपर्यंत उभी.


१२ नोव्हेंबर, बुधवार

अभ्याचा व्हॉइस मेसेज, चार मिनिटांचा. मागे म्हैस ओरडतेय.

"आक्का, मी काय रडत न्हाय. पर आठवड्यात तीन तास हायत माझं. सकाळी धार, डेअरी, वैरण, श्याण, परत सांजची धार. म्हशीला रविवार कळत न्हाय. ते तीन तास मी खंडू असतोय. त्यात बी तू मला मगरीला दिलीस. आणि काय तर म्हणं पान एक्केचाळीस. बरं, ऱ्हाऊ दे. मी आता येणार न्हाय. काकाला सांग, तेनी बी वाट बघू नये."

मी लिहिलं, "नियम आहे अभ्या. मी बनवला नाही."

दोन निळ्या रेघा. उत्तर नाही.

संध्याकाळी खेळणाऱ्यांच्या एका परदेशी साइटवर प्रश्न टाकला. उत्तरं आली. तिघे म्हणतात दोन. दोघे म्हणतात तीन. एक म्हणतो ही जुनी आवृत्ती अजून कोण खेळतं? एकाने विचारलंय, तुमच्याकडे आत्ता उकाडा असतो का.

याच्यावर मी अर्धा तास घालवला.


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

खेळ ज्याने लिहिला त्यालाच ईमेल केला. पुस्तक तो स्वतःच छापतो म्हणे, मग उत्तरही देईल.

पाठवायच्या आधी बाबा मागे उभे. मी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "कृपया दोनदा आलंय." एक काढलं. मग, "अर्जाचं काय झालं?"

मी म्हणाले, "विचाराधीन आहे."

मान हलवली आणि गेले. समाधानाने हलवली! आठवड्यात पहिल्यांदा चेहऱ्यावर काही बरं दिसलं. या माणसाशी नीट बोलण्यापेक्षा कारकुनी बोललेलं चालतं.


१६ नोव्हेंबर, रविवार

अभ्या आला नाही.

आईने त्याच्यासाठी म्हणून भडंग जास्तीचं केलं होतं. तीन वाजेपर्यंत वाट बघितली. बाबा टेबलाशी बसले, कागद समोर, पेन्सिल टोकदार, हाताची घडी.

"खेळायचं ना?"

"अर्ज प्रलंबित आहे."

"बाबा, नेहा दोन बस बदलून आलीय."

"तिची गैरसोय झाली, वाईट वाटतं. अर्ज प्रलंबित आहे."

नेहाने पिशवीतून वही काढली. ही पोरगी प्रत्येक रविवारचं टिपून ठेवते हे मला माहीत होतं. इतकं बारीक टिपते हे माहीत नव्हतं.

"ताई, रागवू नका. दिवाळीच्या आधीचा रविवार. कडं तेव्हा चिमणीकडे होतं, मी नंतर त्र्यंबकला दिलं. भुयारात भिंत कोसळली तेव्हा मी ते त्र्यंबकवरच फिरवलं होतं. इथं लिहिलंय, शक्ती दोन खोडल्या. तुम्हीच म्हणाला होता, दोन खोड."

बाबांनी वही मागून घेतली. चष्मा वर करून वाचली. परत दिली. "बघ!" म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

मी म्हणाले, "मग तेव्हा माझी चूक झाली असेल."

नेहा म्हणाली, "असेल की. पण दोन्हीतली चूक कुठली, ते कसं ठरवायचं?"

साधा प्रश्न. मी चहा ठेवायला उठले. साडेतीनला नेहा गेली. भडंग मी एकटीने खाल्लं, तिखट लागलं.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज झालं ते लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

मशिनिंगवाल्यांचा माणूस आला होता, परत पाठवलेला माल घ्या म्हणून. बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप थोडं मोठं. त्याचं म्हणणं, ड्रॉइंगच्या खाली सगळ्या मापांना थोड्या कमी-जास्तीची सर्वसाधारण सूट दिलीय, त्यात बसतंय की मॅडम. मी ड्रॉइंग त्याच्यासमोर पसरलं आणि सगळ्या डिपार्टमेंटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या मापाशेजारी वेगळी सूट लिहिलीय ना? मग खालचं सर्वसाधारण इथं लागत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना कळतं हे!"

तो गेला. मी तशीच उभी.

अकरा वर्षं हेच वाक्य बोलतेय. आधी पुण्यात, आता इथं. शेजारी वेगळं लिहिलं असेल तर खालचं लागत नाही. झोपेत विचारलं तरी सांगेन.

मग तीन का म्हणाले?

त्या रविवारी जेवताना बाबा अभ्याला म्हणाले, माझ्याकडे न बघता, "पुण्यात राहिली असती तर आज मॅनेजर झाली असती. इथं येऊन मापं घेत बसलीय." नेहा पानात बघत होती. अभ्याने उगाच भात मागितला. तीन वर्षं झाली परत येऊन. का आले, एकदाही विचारलं नाही त्यांनी. आणि मग साडेचारला तेच बाबा पान ११८ वर बोट ठेवून म्हणतात, "वाचता येतं ना तुला?"

मी तीन म्हणाले. तेव्हा पुस्तकात बघितलंही नव्हतं. पान ४१ नंतर शोधलं.

हे असं आहे. मगर वगैरे सगळं...

पुढे लिहवत नाही.


१९ नोव्हेंबर, बुधवार

लेखकाचं उत्तर आलं. दोन ओळी.

छान प्रश्न आहे म्हणे. आम्ही घरी दोन घेतो, पण तुमच्या टेबलावर ज्यात मजा येईल तसं करा.

मजा!

बाबांना दाखवलं. दोनदा वाचलं. म्हणाले, "हे मार्गदर्शन झालं. निर्णय नव्हे. निर्णय सक्षम अधिकाऱ्याने द्यायचा." आणि माझ्याकडे बघत राहिले.


२० नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी आई मेथी निवडत होती. मी मदतीला बसले.

आई: "अभिजित या रविवारी तरी येणार का?"

मी: "माहीत नाही."

आई: "त्या दिवशी हे पुण्याचं बोलले, म्हणून तू यांना मारलंस."

मी: "यांना नाही आई, अभ्याला. खंडूला."

आई: "तेच ते. ज्याला वाचवायला निघाले होते त्याला मारलंस, म्हणजे यांनाच लागलं की. रोज गॅलरीत ते पुस्तक घेऊन बसतात, पान उलटत नाही. काड्या वेगळ्या टाक, भाजीत नको."

आई कधी टेबलाशी बसत नाही. स्वयंपाकघरातून ऐकते. आमच्यापैकी सगळ्यात नीट खेळ तिलाच कळतो असं दिसतंय.


२२ नोव्हेंबर, शनिवार

रजा टाकून सकाळीच वडणग्याला गेले. फोनवर बोलायचं धाडस नव्हतं.

अभ्या गोठ्यात, विजार गुडघ्यापर्यंत वर, वैरण टाकत होता. मला बघून म्हणाला, "या पावणं." पावणं! सख्ख्या चुलतबहिणीला. मग स्वतःच जरा ओशाळला आणि बादली उपडी करून बसायला दिली.

मी सरळ सांगितलं. "दोनच लागतात. मला माहीत होतं. बाबांचा राग आला होता, तो मी तुझ्यावर काढला."

वैरण टाकायचं थांबला.

"म्हंजे तुज्या आणि काकाच्या भांडणात मेलो व्हय मी?"

"हो."

"मगरीनं न्हाय?"

"नाही."

"लई वंगाळ की हे आक्का. मगरीनं खाल्लं असतं तर चाललं असतं मला. घरात मी सांगत होतो, मगरीनं खाल्लं म्हणून. बायको हसली, पर मला वाटत होतं, बरं हाय, लढून मेलाय गडी."

म्हैस शेपटी मारत होती, ती दोनदा माझ्या खांद्याला लागली. अभ्याने तिला थाप मारून बाजूला घेतली.

मग म्हणाला, "काकानं तुला काय म्हटलं ते मी ऐकलंतं. मला बी आवडलं न्हवतं. मी भात मागिटला."

"आठवतंय."

"दुसरं काय सुचंना."

मी म्हणाले, खंडू जिवंत झाला असं समजू, उद्या ये. तर उसळला. "असा फुकटचा जिवंत नको मला. तू मेला म्हणलीस, मेलो. आता जगला म्हणतीस, जगू? ती चाल परत खेळायची. कडं फिरवू दे काकाला, फासा पडू दे. पडला तर जगतोय, न्हाय तर ऱ्हाऊ दे. पर खरं खरं."

बरोबर आहे. कडं फिरवलं म्हणजे वार परतलाच असं नाही, नंतर फासा टाकायचा, चार किंवा वर पडलं तरच. आम्ही तिथपर्यंत पोचलोच नव्हतो.

निघताना दुधाची बाटली हातात दिली. "काकाला दे. माजा राग न्हाय म्हणावं तेंच्यावर." आणि तुझ्यावर? ते बोलला नाही, मी विचारलं नाही.


त्याच दिवशी, संध्याकाळ

बाबांचा अर्ज घेऊन त्यांच्यासमोर बसले. समासात लिहिलं: "अर्ज मान्य. कड्यास दोन शक्ती. सदर चाल पुन्हा खेळविणेत यावी." आणि खाली: "मूळ निर्णय रागाच्या भरात दिला होता." सही केली.

बाबांनी वाचलं. पेन्सिल घेऊन शेवटची ओळ खोडली.

"हे टिपणीत येत नाही."

"पण खरं आहे ते."

"खरं असेल. टिपणीत येत नाही."

मी उठणार तर म्हणाले, "पुण्यात काय झालं, ते तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

चष्मा काढला. पुसला. परत घातला. "अर्ज आल्याशिवाय मी कधी कुणाच्या कामात लक्ष घातलं नाही. बत्तीस वर्षं."

"मी तुमच्या ऑफिसात येत नव्हते, बाबा. मी घरी आले होते."

बाबा कागदाची घडी घालत होते, उलगडत होते. मी सांगू का, असं अगदी ओठावर आलं. तिथला तो साहेब, तो खोटा रिपोर्ट, मी सही करायला दिलेला नकार, नंतरचे सहा महिने. तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. दोघेही लगेच उठलो. इतक्या लगेच उठायची काही गरज नव्हती.


२३ नोव्हेंबर, रविवार

अभ्या आला! दारातच, "काका, फासा काढून ठेवलाय न्हवं?" बाबा हसले. दात दिसले त्यांचे.

चौघे बसलो. मी दलदल पुन्हा सांगितली. धुकं, चिखल, मगर झेपावते. बाबांनी पेन्सिलने दोन शक्ती खोडल्या, सगळ्यांना दाखवून. मला वाटलं आता फासा.

बाबांनी बोट वर केलं.

"एक मुद्दा. विशेष तरतुदीने सर्वसाधारण तरतूद बाद झाली, तर पान एक्केचाळीसवरची एक शक्तीही गेली आणि एक चालही गेली. म्हणजे कडं फिरवायला चाल लागतच नाही. मग त्र्यंबक कडं फिरवून त्याच दमात मंत्रही टाकू शकतो."

मी डोळे मिटले.

नेहा: "पण काका, मग दिवाळीआधी माझी चाल गेली होती ती?"

अभ्या: "अवं काका, मला आधी वाचवा, मग कायदा काढा!"

"मी तत्त्वाचं बोलतोय."

वीस मिनिटं. घड्याळात बघितलं, वीस मिनिटं! खंडू मगरीच्या जबड्यासमोर लटकलेला आणि हे तिघे चाल लागते की नाही यावर. शेवटी मी म्हणाले, किती शक्ती ते ११८ ला लिहिलंय म्हणून ११८ चं धरायचं. चालीबद्दल तिथे काहीच लिहिलेलं नाही, म्हणून चाल ४१ ची. जेवढं वेगळं लिहिलंय तेवढंच वेगळं. झालं.

बाबांनी विचार केला. "हे पटतं," म्हणाले. आणि मग हळूच, "हे तू मापांवरून काढलंस?"

"हो."

"हं." एवढंच. पण अभ्याकडे न बघता माझ्याकडे बघून.

फासा बाबांच्या हातात. दोन्ही हातांत घेऊन इतका हलवला की नेहा हसायला लागली. टाकला. टेबलाच्या कडेला आपटला, खाली उडी, फरशीवरून टणटणत सरळ लोखंडी कपाटाखाली.

अभ्या पालथा पडला. मोबाइलचा टॉर्च लावला. "चार! काका, चार हायत! जगलो!"

बाबा गुडघ्यावर बसले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसले, मग गाल फरशीला टेकवला. बराच वेळ बघत राहिले.

"मला दोन दिसतायत."

"अवं वरती बघा की!"

"वर कुठलं वर? फासा कलंडलाय. भिंत आणि कपाटाचा पाय यांच्यामध्ये तिरका अडकलाय. निम्मा चार, निम्मा दोन."

मी म्हणाले, काढा तो आणि पुन्हा टाका. सगळीकडे तसंच करतात.

"पुन्हा टाकण्याची तरतूद आहे का नियमात?"

नि.पु. आणलं. नेहाने मागची सूची बघितली, मी फाशांचं प्रकरण बघितलं. फासा टेबलावरून पडला तर काय, तिरका अडकला तर काय, कुठेही एक अक्षर नाही.

ज्या माणसाने खंडूला वाचवायला समास पाडून अर्ज केला, तोच आता फरशीवर आडवा पडून खंडूला मारायला निघालाय. का, तर दोन दिसतायत. आणि अभ्या! त्याने चिडायला हवं होतं. तो काकांच्या शेजारी पालथा, गालाला गाल लावून, "न्हाय काका, हिकडनं बघा. माज्या डोळ्यानं बघा."

सव्वापाच. नेहाची बस. अभ्याची धार. कोणी फाशाला हात लावायला तयार नाही.


२४ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीतून आले तर बाबा फोनवर. अभ्याशी. आई म्हणाली, चाळीस मिनिटं झाली. कोन किती अंशाचा झाला तर कुठली बाजू वर धरायची यावर चाललंय. मधेच म्हशीला ताप आलाय त्याची चौकशी. मग परत कोन.

कपाटाच्या दाराला चिठ्ठी चिकटवलीय, निळी शाई: "निर्णय प्रलंबित. हलवू नये." खाली सही आणि तारीख.

आई केरसुणी हातात घेऊन उभी. "आठ दिवस इथं झाडायचं नाही म्हणतात. तू मास्तरीण ना? वाक की जरा, बघ काय पडलंय ते आणि मोकळी कर मला."

बाबांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. वाट बघत होते, मी काय करते ते.

वाकले नाही. आईच्या हातातली केरसुणी घेतली आणि गॅलरी झाडायला गेले. फोन ठेवून थोड्या वेळाने बाबाही तिथं आले. खुर्ची ओढली, बसले. पुस्तक आणलं नव्हतं. "पुण्याचं प्रकरण प्रलंबित आहे," म्हणाले.